वाटसरूची चिलीम

सज्जनांच्या घराण्यांत एखादा दिवटा निघाला म्हणजे आपल्याकडे ‘तुळशींत भांग’ म्हणतात, आणि वाह्यातांच्या मेळ्यांत एखादा सरळमार्गी आढळला म्हणजे तीच म्हण उलटी करून ‘भांगेंत तुळस’ म्हणतात. या दोन म्हणींवरून एवढें तर दिसतेंच कीं, मराठी माणसाच्या परसांत हीं दोन्ही झाडें एकमेकांना ओळखून होतीं. भाषेनें भांगेला परसांतून उपटून टाकलें नाहीं. पण तिला वृंदावनही बांधून दिलें नाहीं. हा जो अर्धवट स्वीकार आहे, त्याचा इतिहास वैद्याच्या खलांत किंवा देवळाच्या गाभाऱ्यांत शोधण्यापेक्षां रस्त्यावर शोधावा, असें आम्हांस वाटतें. घरीं बसलेल्या माणसाचें व्यसन घरचीं माणसें जाणून असतात व प्रसंगीं झांकूनही घेतात. तोच माणूस वाटेला लागला म्हणजे मात्र रात्रीं त्याला कोणाच्या तरी छपराखालीं उतरावें लागतें, आणि त्या छपराच्या धन्यानें त्याच्या झोळींतली चिलीम चालवून घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहतो.

हल्लीं मोटार घेऊन कोंकणांत निघणारे कांहीं तरुण, वाटेंत उतरावयाच्या कोणत्या ठिकाणीं गांजाकडे काणाडोळा होतो याची चौकशी करून मगच घर सोडतात, असें ऐकिवांत आहे. वडीलधाऱ्या मंडळींना हें नवें थेर वाटतें. तें चांगलें कीं वाईट याचा विचार पुढें करूं. परंतु तें नवें मात्र खास नाहीं. ज्या पेण-रोह्याच्या रस्त्यानें या मोटारी धांवतात, त्याच रस्त्यानें शेंकडों वर्षें चिलीम बाळगणारे लोक पायीं गेलेले आहेत, आणि रात्र कोठें काढावी हा प्रश्न त्यांनाही पडलेला आहे.

हा रस्ता प्रथम पाहूं. पेणहून दक्षिणेस निघालें म्हणजे वडखळ, नागोठणें, कोलाड अशीं ठिकाणें लागतात. नागोठण्याहून भिसे खिंडीनें, किंवा कोलाडहून पश्चिमेस वळून रोह्यास जातां येतें. मध्यें अंबा नदी आणि तिची खाडी, पलीकडे कुंडलिका. पेणच्या बाजूस मिठागरें, रोह्याच्या बाजूस भातशेती, आणि आडवाटेनें गेलें तर बल्लाळेश्वराची पाली. पुलांचा व रुळांचा काळ येण्यापूर्वीं येथला प्रवास अर्धा जमिनीवरून व अर्धा भरती-ओहोटीच्या तंत्रानें होत असे. आणि ओहोटी लागली म्हणजे ज्या बंदरावर असाल तेथेंच मुक्काम, मग तुम्ही कोणीही असा. १६७४ च्या मे महिन्यांत शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकासाठीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन निघाला तो याच मुलुखांतून. मुंबईहून चौल, तेथून खाडीच्या वाटेनें रोह्याशेजारचें अष्टमी, अष्टमीहून निजामपुरावरून रायगड, असा त्याचा मार्ग होता. पहिल्याच रात्रीं चौलास पोंचतां पोंचतां पोर्तुगीजांनीं नगराचे दरवाजे लावून घेतलेले. तेव्हां वकीलसाहेबांना रात्र वेशीबाहेर काढावी लागली. नजराणे घेऊन राजदरबारीं निघालेल्या माणसाची ही स्थिति, तर खांद्यावर झोळी टाकून निघालेल्याची काय असेल?

उत्तर हिंदुस्थानांत बादशाही सडकांवर सराया होत्या. तशी सरायांची परंपरा इकडे रुजली नाहीं. इकडे वाटसरूची सोय झाली ती पुण्याच्या हिशेबांत. नागोठण्याचा जुना दगडी पूल चौलच्या काजी अलाउद्दीन यानें १५८० च्या सुमारास बांधविला; कोणी विहीर खणली, कोणी पाणपोई घातली, कोणी देवळाच्या आवारांत धर्मशाळा उठवून दिली. या दातृत्वाचा एक विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. धर्मशाळा बांधणारा एकदां बांधून मोकळा होत असे. पुढें तेथें कोण उतरला, त्यानें काय शिजविलें, काय ओढलें, याचें पाप-पुण्य त्याच्या खातीं जमा होत नसे. यजमान नांवाचा माणूसच तेथें नव्हता. चिलमीला अभय मिळालें तें कोणाच्या उदारपणामुळें नव्हे, तर विचारणाराच कोणी नव्हता म्हणून.

याच भागांतून निघालेला एक प्रसिद्ध प्रवासी घेऊं. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं आपले चुलते रामभट यांजबरोबर उत्तरेकडे गेले. घरावर कर्ज, आणि बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथें भरपूर दक्षणा मिळेल, ही बातमी; एवढ्या भांडवलावर हे दोघे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. पुढें त्यांनीं लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं छापून प्रसिद्ध केला, तो बहुतेक सुशिक्षित घरांतून वाचलेला आहे. विष्णुभट पायीं गेले, लुटले गेले, उपाशी राहिले. तथापि त्यांच्यापाशीं एक अदृश्य शिदोरी होती. ग्वाल्हेर असो कीं झांशी असो, मराठी ब्राह्मणाच्या घरीं जाऊन गोत्र, गांव, आडनांव सांगितलें कीं ओळख पटे आणि ओसरीवर पथारी पडे. अखेर ते गंगेची कावड घेऊन वरसईस परत आले.

आतां विष्णुभटांच्या उलट दिशेनें, काशी-प्रयागाकडून रामेश्वराकडे निघालेला गोसावी डोळ्यांपुढें आणा. त्यानें आडनांव टाकलेलें, गोत्र टाकलेलें, गांव विसरलेलें. त्याला ओसरी कोण देणार? गांवानें त्याची सोय केली, पण ती वेगळ्या रीतीनें. गृहस्थानें शिधा द्यावा, लांकडें द्यावीं, नमस्कार करावा. गोसाव्यानें वेशीबाहेरच्या शंकराच्या देवळापाशीं, वडाच्या पाराखालीं किंवा नदीकांठच्या मठींत धुनी पेटवावी. मुसलमान फकीर असेल तर त्याला पिराजवळचा तकिया. धुनीपाशीं ओली साफी चिलमीला गुंडाळून ती हातोहात फिरे, आणि दिवेलागणीनंतर गांवांतले दोन-चार गांजेकसही अंधारांतून तेथें येऊन बसत. घरीं ज्यांना चिलीम ओढण्याची सोय नसे, त्यांना साधूची संगत हें उत्तम निमित्त होई. शिध्याबरोबर गांजाची चिमूट देणें हेंही पुष्कळ ठिकाणीं दानांतच मोडत असे.

पूर्वीं आपल्याकडे या गोष्टीला मोकळीक होती असें म्हणणाऱ्यांनीं ही मोकळीक कोठवर होती तें नीट पाहावें. ती वेशीपर्यंत होती. शिवरात्रीस घोटलेली भांग देवाचा प्रसाद म्हणून घरांत येई, होळीलाही येई. चिलीम मात्र उंबरठा ओलांडून आंत येत नसे. जो गृहस्थ गोसाव्यास वांकून नमस्कार करी, तोच आपला मुलगा धुनीपाशीं दिसला तर त्याला कान धरून घरीं आणी. संतांनींही याबाबत भीड धरलेली नाहीं. भगवीं वस्त्रें नेसून भांग-तमाखूच्या नादीं लागणाऱ्यांची तुकोबांनीं कशी हजेरी घेतली आहे, हें वाचकांस सांगावयास नकोच. आदर आणि तिरस्कार हे दोन्ही एकाच शिध्याच्या ताटांतून वाढले जात होते.

शिवाय वाटेवरच्या मुक्कामांत भयही होतें. धोत्र्याचें बीं अन्नांत किंवा चिलमींत मिसळून सोबतच्या वाटसरूस बेशुद्ध करावयाचें आणि त्याची गांठोडी घेऊन पसार व्हावयाचें, हा गुन्हा एकोणिसाव्या शतकांत इतका सर्रास होता कीं, त्या काळच्या वैद्यकीय न्यायशास्त्राच्या ग्रंथांत त्याला स्वतंत्र स्थान मिळालें आहे. अनोळख्याच्या हातचें खाऊं नये, असें आजीबाई प्रवासाला निघालेल्या नातवाला बजावत, त्यांत सोंवळ्याचा भाग जितका होता तितकाच या धोत्र्याचाही होता.

येथें जातां जातां एक जुनी गंमत सांगण्याचा मोह होतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानांतील औषधींवरील ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. (याच गृहस्थाकडे कांहीं काळ मुंबई बेट भाडेपट्ट्यानें होतें.) त्यांत भांगेचें प्रकरण आहे. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें मार्तिम अफोंसो द सौझा यास असें सांगितल्याचें ओर्ता लिहितो कीं, रात्रीं आपणांस पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान किंवा इराण पाहण्याची इच्छा झाली म्हणजे आपण थोडी भांग खातों, कीं काम झालें. धर्मशाळेची, खाडीची, धोत्र्याची कसलीच अडचण नसलेला असा प्रवास सुलतानांनाच परवडणार!

इंग्रजी अमदानींत या सर्व व्यवहारांत सरकार शिरलें. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें गांजा-भांगेची विक्री परवान्याखालीं आली आणि तिचा मक्ता लिलावानें देण्यांत येऊं लागला. या इलाख्यांतला गांजा मुख्यत्वें घाटावर, अहमदनगर व सातारा या बाजूस पिके. आतां चिलमीचा एक टोंक धुनीपाशीं व दुसरें खजिन्यांत अशी स्थिति झाली. तेव्हां विलायतेंतल्या मद्यपाननिषेधक मंडळींना, सरकार प्रजेला वेड लावून पैसा मिळवितें काय, असा प्रश्न पडला. केन नांवाच्या सभासदानें १८९३ च्या मार्चांत पार्लमेंटांत तो विचारला, आणि त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष, आणि सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते. कमिशननें १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें घेतलें आणि १८९४ सालीं आपला अहवाल पुरा केला.

या कमिशनपुढें आलेल्या कागदांत एक टिपण जेम्स कॅम्बेल यांचें आहे. कॅम्बेल म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक. १८८३ सालीं निघालेला कुलाबा व जंजिरा यांचा खंड, ज्यांत पेण-रोह्याचे रस्ते, बंदरें, तरी नोंदलेलीं आहेत, तो यांच्याच देखरेखीखालीं तयार झाला. कमिशनच्या वेळीं ते मुंबईस जमीनमहसूल, जकात व अफू यांचे कलेक्टर होते. जकातीचा अधिकारी भांगेच्या धर्मावर लिहितो, हेंच मुळांत मौजेचें. आणि त्यांनीं लिहिलें तेंही असें कीं, हिंदूंच्या समजुतीनें या पानांत देवतेचा वास आहे, भांग घेऊन जाणारा माणूस वाटेंत भेटणें हा शुभशकुन आहे, आणि तिच्यावर बंदी घातली तर साधुबैरागी दुखावतील व गोरगरिबांचा दुखण्या-बहाण्यांतला आधार तुटेल. आम्हांस हें टिपण जरा अधिकच भाविक वाटतें. उंबरठ्याबाहेरचें धुनीपाशींचें मत त्यांनीं मन लावून ऐकलें. उंबरठ्याच्या आंतल्या गृहिणीचें मत त्यांच्यापर्यंत पोंचलें नसावें. कमिशननें मात्र दोन्ही बाजू नोंदल्या आहेत. बेताच्या सेवनानें शरीराची, बुद्धीची किंवा नीतीची म्हणण्यासारखी हानि होत नाहीं, अतिसेवनानें होते, आणि गांजा ओढणाऱ्यास समाजांत कमीपणा येतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

परंतु या अहवालाचा खरोखर मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांसंबंधींचा आहे, आणि त्याचा आमच्या विषयाशीं फार जवळचा संबंध आहे. गांजानें वेड लागतें या समजुतीचा मुख्य आधार म्हणजे या इस्पितळांचीं दप्तरें. (मुंबई बेटाच्या कुलाब्यास असें एक इस्पितळ होतें; तो कुलाबा निराळा, आमचा जिल्हा निराळा.) दप्तरांत प्रत्येक रोग्यापुढें ‘वेडाचें कारण’ असा रकाना असे, आणि तेथें ‘गांजा’ हा शब्द वारंवार आढळे. कमिशननें १८९२ सालीं दाखल झालेल्यांपैकीं ज्या २२२ रोग्यांच्या नांवापुढें गांजा-भांग हें कारण लिहिलें होतें, त्या प्रत्येकाची मागची हकीकत शोधून काढण्याचा यत्न केला. ती छाननी झाल्यावर २२२ चे ९८ उरले.

बाकीच्यांचें काय झालें होतें? वेडसर माणूस रस्त्यावर भटकतांना पोलिसांस सांपडे. त्याचा आप्त कोणी नाहीं, गांव माहीत नाहीं, पूर्वींची हकीकत सांगणारा कोणी नाहीं. छापील फारमांतला रकाना तर रिकामा ठेवतां येत नाहीं. मग शिपायानें किंवा कारकुनानें ‘गांजा’ लिहावयाचें. झोळींत चिलीम सांपडली असेल तर प्रश्नच नको. इस्पितळाचा डॉक्टर तेंच आपल्या बुकांत उतरवी, बुकांवरून वार्षिक तक्ता होई, आणि तक्त्यावरून विलायतेंत भाषणें होत. ज्याला कोणाची ओसरी नाहीं त्याला कारणही दुसऱ्यानेंच चिकटवावयाचें! घरंदाज माणसाला वेड लागलें असतें तर त्याच्या नांवापुढें दुःख, ताप, पुत्रशोक, असें कांहीं तरी घरच्यांनीं सांगितलें असतें. कमिशनच्या सभासदांनीं कंटाळा न करतां हे एकेक कागद उलगडले, याबद्दल आम्हांस त्यांच्याविषयीं मनापासून आदर वाटतो. सरकारी चौकशी म्हणजे वेळकाढूपणा, या आमच्या नेहमींच्या मतास येथें थोडी मुरड घालावी लागते.

कमिशननें सरसकट बंदी सुचविली नाहीं. लागवड परवान्यानें व्हावी, कर पुरेसा असावा, दुकानें मोजकीं असावीं, आणि कोणाही माणसाजवळ गांजा किंवा चरस पांच तोळ्यांपर्यंत व भांग पाव शेरापर्यंत असण्यास हरकत नसावी, अशा त्याच्या शिफारसी होत्या. म्हणजे कायद्याची नजर शेतावर, दुकानावर आणि फार तर वाटसरूच्या झोळीवर होती; तो ज्या छपराखालीं झोंपला आहे त्या छपराकडे या शिफारसींचा रोख नव्हता.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १९३० सालीं घातक औषधींचा कायदा झाला, १९४९ सालीं मुंबईचा दारूबंदीचा कायदा झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजाचा औषधाखेरीज इतर उपयोग पंचवीस वर्षांत बंद करण्याचें ठरलें; नुसतीं पानें व बिया त्यांतून वगळल्यामुळें भांग वांचली. याच सुमारास युरोप-अमेरिकेंतील तरुण जमिनीच्या वाटेनें काबूल, काठमांडू करीत गोव्याच्या किनाऱ्यावर येऊं लागले. स्वस्त खोली आणि चिलमीस अटकाव न करणारा घरमालक या दोन गोष्टींवर त्यांच्या मुक्कामांची सारी सांखळी उभी होती. गोसाव्याची वाट हीच, दिशाही बरीचशी हीच. फरक इतकाच कीं, गोसाव्याला शिधा फुकट मिळे आणि यांच्याकडून भाडें मिळे. नेपाळांत परवान्याचीं दुकानें होतीं, तीं १९७३ सालीं बंद झालीं. आपल्याकडे १९८५ सालीं मादक औषधींचा कायदा झाला, आणि त्या वर्षीं १४ नोव्हेंबरपासून तो अमलांत आला.

या कायद्याचें पंचविसावें कलम पुण्याचा जुना हिशेब उलटा करणारें आहे. आपल्या ताब्यांतील जागेंत दुसरा कोणी या कायद्याविरुद्ध गुन्हा करीत आहे हें जाणून जो तसें करूं देतो, त्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ गणला जातो. तेवढ्यासाठींही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. म्हणजे पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या लॉजवाल्यानें, उतारू चांगले आहेत, भाडें रोख देतात, एवढ्यावर काणाडोळा केला, तर उतारू सकाळीं निघून जातील आणि हा मागें राहील. जी मंडळी घर सोडण्यापूर्वीं ‘चालवून घेणारें ठिकाण’ शोधतात, त्यांच्या हें ध्यानांत येत नसावें कीं, आपण खोली मागत नसून दुसऱ्याला जामीन राहावयास सांगत आहों. भांगेचा आडोसाही येथें फारसा उपयोगी नाहीं. काशीस किंवा जैसलमेरास परवान्याच्या दुकानांत भांग उघड मिळते. महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या कायद्यामुळें भांगेलाही परवाना लागतो.

कोणी म्हणेल, जग बदलत आहे. खरें आहे. अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानानें २०१२ सालीं मतदानानें गांजा मोकळा केला, सबंध कॅनडानें २०१८ सालीं केला. २०२० च्या डिसेंबरांत व्हिएन्ना येथें संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें गांजाला अत्यंत घातक पदार्थांच्या यादींतून २७ विरुद्ध २५ मतांनीं काढलें, त्यांत हिंदुस्थानचें मत काढण्याच्या बाजूनें होतें. परंतु ज्या देशांत कायद्यानें मोकळीक दिली, तेथेंही आपल्या खोल्यांतून धूर करूं द्यावा कीं नाहीं हें ज्याचें तो हॉटेलवाला ठरवितो, आणि पुष्कळ जण देत नाहींत. उंबरठा तेथेंही आहेच.

आम्हांस स्वतःला विचाराल तर कमिशनचा मध्यममार्ग शिक्षेच्या मार्गापेक्षां शहाणपणाचा वाटतो; झोळींतल्या चिमटीसाठीं माणसाला तुरुंगांत घालून त्याचें व्यसन सुटतें असें दिसत नाहीं. पण कायदा बदलेपर्यंत त्याचा भार यजमानावर टाकून आपण मौज करावी, हें गोसाव्याच्याही धर्मांत बसत नव्हतें. तो निदान वेशीबाहेर राही.

पंचविसाव्या कलमांत जागांची जी यादी आहे ती मोठी वाचनीय आहे. घर, खोली, आवार, मोकळी जागा, ठिकाण, वाहन, आणि त्यांतच ‘जनावर’. भिसे खिंडींतून चढणाऱ्या एखाद्या गोसाव्याची झोळी ज्याच्या तट्टावर लादलेली असेल, त्या तट्टाच्या धन्यालाही आतां झोळींत काय आहे हें विचारून मगच पुढें हांकावें लागेल.